तिकडचं कुलूप

चाँदपाशाचा आवाज खजुराच्या डब्यातून नळदुर्गला आला, आणि घरच्या डीव्हीडी प्लेअरनं त्याला दारातच अडवलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, बस्स.

चाँदपाशा सौदीत, जेद्दाला ट्रेलर चालवायचा. तिथंच वारला, तिथंच दफन झाला. त्याच्या बायकोला, खातूनबीला, त्याचं शेवटचं तोंडही दिसलं नाही. तिकडच्या ड्रायव्हरांवर कुणा परदेशी कंपनीनं फिल्म काढली होती. त्यात चाँदपाशा बोलतो, असं सांगून त्याच्या खोलीतल्या दोस्तानं खजुराच्या डब्यात घालून डिस्क पाठवली होती.

टॉवेलात प्लेअर गुंडाळून ती हायवेवरच्या कल्याणप्पा मेकॅनिककडं गेली.

"भाभी, कंपन्यांनी जगाचे वाटे केल्यात," कल्याणप्पा म्हणाला. "दर वाट्याला येगळं कुलूप. तिकडची डिस्क इकडच्या मशीनवर चालत न्हाय."

"मशीनबी तिकडचंच हाय की. त्यांनीच आणलंवतं."

कल्याणप्पानं मशीन ओळखलं. पहिल्या सुट्टीत चाँदपाशानं हे मशीन आणलं, तेव्हा सोलापुरात घेतलेले हिंदी सिनेमे त्यावर लागेनात. कल्याणप्पानंच रिमोटची बटणं दाबून ते इकडचं करून दिलं होतं. "मशीन घरचं झालं," चाँदपाशा तेव्हा हसला होता, "आता मीच तेवढा तिकडचा राह्यलो."

पण मधे नकली डिस्कांपायी कल्याणप्पाच्या दुकानावर पोलीस आले होते. दुधानं तोंड पोळलेला माणूस आता ताकही फुंकत होता. "वकिलाला इचारा. म्या आता असल्या कुलपाला हात लावत न्हाय."

खातूनबीला संताप आला. मशीन तिचं, डिस्क तिची, नवरा तिचा. आणि कुलूप मात्र भलत्याचंच! तिनं एसटी पकडली आणि धाराशिवला शिवराज वकिलांना गाठलं.

वकिलांनी कायद्याचं पुस्तक उलटंसुलटं केलं. "नकला काढून विकणार का?"

"नवऱ्याचा आवाज कोण इकतंय, साहेब?"

"मग मला यात गुन्हा दिसत नाही. कुलूप कशासाठी उघडलं, ते कायदा बघतो. कोर्टात काय होईल ते छातीठोक सांगता येणार नाही, पण कल्याणप्पाला म्हणावं, माझं नाव सांग."

दुसऱ्या दिवशी कल्याणप्पा स्वतः घरी आला. त्यानं रिमोटची तीच बटणं दाबून मशीन पुन्हा तिकडचं केलं. पडदा काळा झाला, मग वाळू दिसली, ट्रेलर दिसला, आणि ट्रेलरच्या दारात पाय सोडून बसलेला चाँदपाशा. दाढी पिकलेली. खातूनबीनं पदर तोंडाशी धरला.

कुणीतरी काहीतरी विचारलं. चाँदपाशा म्हणाला, "खातून कू बोलो..."

आणि त्याच्या आवाजावर एका परक्या बाईचा आवाज चढला. ती इंग्रजीत त्याचं बोलणं सांगत राहिली. चाँदपाशाचे ओठ हलत होते, डोळे भरले होते. त्याचं दखनी त्या बाईच्या खाली कुठंतरी दबून गेलं होतं.

"पुन्यांदा लाव," खातूनबी म्हणाली.

कल्याणप्पा लावत राहिला. ती दर वेळी टीव्हीच्या आणखी जवळ सरकायची. शेवटी तिचा कान स्पीकरला टेकला. तरी तीनच शब्द.

"इंग्रजी येणारं कुणी बघू का, भाभी? ती बाई काय म्हनती ते कळंल."

"तिचं नगं," ती म्हणाली. "मला त्यांचं पायजे."

कल्याणप्पानं थोड्या वेळानं रिमोट उचलला. "मशीन पयल्यासारखं इकडचं करून ठिवू? न्हायतर तुमचे सिनेमे लागायचे न्हाईत."

खातूनबीनं त्याच्या हातून रिमोट काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे तिकडचंच," ती म्हणाली.