कुंदाबाईंपर्यंत न पोचलेलं बोलणं

टिक्! घर चिडीचूप असताना कुणी फोन उचलला, की माझ्या पोटातून एवढाच आवाज येतो.

मित्रांनो, मी एक जुना गेटवे आहे. जळगावात, मेहरूणला, मृणालीच्या घरातल्या फडताळावरचा पांढरा डबा. साध्या फोनमधल्या बोलण्याचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून पुढे धाडायचे, हे माझं काम.

मेघा तान्ही होती, तेव्हा मृणाली घरूनच ठिबक सिंचन कंपनीच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायची. "अरे, पंख्याची अन् पाळण्याची कुरकुर पलीकडे जायला नको बघ," असं तिनं भावाला, प्रशीलला सांगितलं. त्यानं माझी सेटिंग बदलली. ठरावीक पातळीखालचा आवाज म्हणजे शांतता. तो पाठवायचाच नाही.

"ताई, आता थेट ऑफिसातली वाटतेस!" प्रशील म्हणाला. कौतुक तिचं होतं, फुगलो मी.

पुढे मृणाली खरंच ऑफिसात जाऊ लागली. फोन उरला तिच्या सासूबाईंना, पार्वताबाईंना. रोज चारला धुळ्याहून त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कुंदाबाईंचा फोन यायचा. गेल्या वर्षी आजारपणात पार्वताबाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

"अक्का, मन्हावर रागावनी का? बोल ना व!"

"बोली रायनू ना, कुंदे..." पार्वताबाई बोलतच होत्या, पण बारीक.

मी ते ऐकलं, मोजलं आणि पातळीखाली भरलं म्हणून टाकून दिलं. काम करताना मी शब्द बघत नाही हो, फक्त पातळी बघतो.

"आमची कुंदी बहिरी झाली!" पार्वताबाई घरात सांगायच्या. सगळे हसायचे. मृणालीसुद्धा.

रोज हेच घडलं. पाचव्या दिवशी कुंदाबाई म्हणाल्या, "तुले बोलनंच नही ना? मंग राहू दे, अक्का." त्यानंतर चार वाजायचे, पण फोन यायचा नाही. महिन्याभरात कुंदाबाई गेल्या.

त्यांची सून सारिका भेटायला आली, तेव्हा मृणालीला म्हणाली, "मावशी फोनवर गप्पच राहायच्या. आईंनी ते फार मनाला लावून घेतलं."

मृणाली चपापली आणि तिनं प्रशीलला बोलावलं. त्यानं मला तपासलं, पातळी खाली आणली. "ताई, ही पातळी मीच वर चढवली होती."

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मित्रांनो, एकदा लावून दिलेली सेटिंग जन्मभराची समजू नका. घरातलं माणूस हळू बोलायला लागलं, तर आधी आमच्याकडे बघा. मग हसा.

आता माझ्यातून पार्वताबाईंचा श्वासही पलीकडे जातो. काल चार वाजता मेघानं रिसीव्हर उचलला. टिक्!

"आई, आजी बोलत होती, हे आता कुंदाआजीला कोण सांगणार?"