काडीची साखर

काडी नावाची उंदरीण दिवसभर खायची आणि तरीही काडीच राहायची, याचा मामांना मनापासून राग होता.

मामा म्हणजे संशोधन संस्थेतल्या उंदरांच्या खोलीचे कर्तेधर्ते. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता, पण मोठ्या साहेबांपासून जिन्यावर फडकं मारणारीपर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबून दोन शब्द बोलायचे, हे त्यांचं काम. शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मामांचं पोट त्यांच्या आधी खोलीत शिरायचं. रक्तात साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्यांच्या बायकोने घरातली साखर अशी काही लपवली होती की आता ती तिलाही सापडत नव्हती. म्हणून मामांच्या कामाच्या कोटाच्या खिशात बिस्किटांचा पुडा असे. त्यातलं एक मोडून अर्धंच खायचं. मोडलेलं बिस्कीट काही पुरतं बिस्कीट नव्हे, असा त्यांचा हिशोब.

"बघा तिच्याकडे, डॉक्टरबाई," ते एकदा म्हणाले. "हा शेजारच्या पिंजऱ्यातला भोपळा नुसता वासाने फुगतो. माझ्यासारखाच बिचारा. आणि ही बया त्याच्या दुप्पट खाऊन शिडशिडीत! नशीब काढलंय हिने."

डॉक्टरबाई वयाने मामांना मुलीसारख्या. उंदरांच्या अंगातल्या चरबीचा अभ्यास करत होत्या. त्यांनी सुईच्या टोकाएवढा रक्ताचा थेंब काडीच्या शेपटीतून घेतला, यंत्रातल्या पट्टीला लावला आणि आकडा मामांपुढे धरला.

"बापरे!" मामा म्हणाले. "हिची तर माझ्याहून जास्त!"

"भोपळ्याहूनही जास्त. आणि यकृत चरबीने भरलेलं."

"चरबी? हिच्या अंगात? कुठे आहे ती?"

"नको तिथे आहे." डॉक्टरबाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं. "गेल्या आठवड्यात भुशाची पोती आली आणि कोठीची किल्ली सापडेना, तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? बोळात रचली."

"मग?"

"मग काय! ढकलगाडी जाईना, दार उघडेना, साहेब पोत्याला अडखळले. वर मलाच बोलले."

"भुसा वाईट होता का?"

"भुसा कशाला वाईट? कोठीत असला तर सोन्यासारखा. बोळात आला की डोक्याला ताप." बोलता बोलता मामा थांबले. "असं होय."

"असंच. चामडीखाली चरबीची कोठी असते. जास्तीचं खाल्लं की ते तिथे जातं, लागलं की तिथून निघतं. काडीला जन्मतःच कोठी नाही. भोपळ्याची कोठी आहे, पण आत एवढं कोंबलंय की दार लागत नाही. दोघांचीही पोती बोळात. म्हणजे यकृतात, स्नायूंत. इन्सुलिन स्नायूंची घंटी वाजवून सांगतं, 'दार उघडा, साखर आली आहे.' पण आत चरबी तुंबली की त्यांना घंटी नीट ऐकू येत नाही. साखर बाहेर रक्तातच ताटकळते."

"मग ते इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काय करतं?"

"आणखी इन्सुलिन पाठवतं. आणखी जोरात घंटी. शेवटी दमतं."

मामांना त्या स्वादुपिंडाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. दिवसभर तेही 'दार लावा, दार लावा' म्हणून ओरडत, आणि कुणी ऐकत नसे.

"आणि खालच्या मजल्यावर कॅन्सरवाले आहेत, त्यांचा चरबीशी काय संबंध?"

"एखादी पेशी बिघडते आणि थांबायचंच विसरते. तिला वाढायला सामान लागतं. बोळात चरबी फुकट पडलेली असेल तर ती जाळायला घेते, नव्या पेशींच्या भिंती बांधायलाही घेते. त्यात ती सारखी वाजणारी घंटी. बाकीच्यांना नसेल ऐकू येत, पण अशा पेशीला ती 'वाढ, वाढ' अशीच ऐकू येते."

"म्हणजे जाड माणसाला होतोच?" मामांनी पोट आत ओढलं. ते फारसं गेलं नाही.

"होतोच असं नाही हो. शक्यता वाढते. आणि शक्यता आपल्याला कमीही करता येते."

त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंनी काडीला कोठी बांधून दिली. तिच्या निरोगी बहिणीच्या अंगातली थोडीशी चरबी काडीच्या चामडीखाली बसवली. काडीसारख्याच आणखी काही उंदरांनाही बसवली. चरबी घालून साखर उतरवायची! मामांनी हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमच्या सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं तुम्हाला."

दर आठवड्याला तपासणी असे. त्या दिवशी सकाळीच पिंजऱ्यातलं खाणं काढायचं आणि दुपारी उपाशीपोटी साखर बघायची. बाकीच्यांचे आकडे हळूहळू उतरू लागले. काडीचा मात्र हटून बसला. पहिल्या आठवड्यात तसाच, दुसऱ्यात तसाच, तिसऱ्यात तर वरच.

"हिच्यात कोठी रुजली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या हिला प्रयोगातून काढावं लागेल. यकृत तपासू, म्हणजे कारण तरी कळेल."

काढावं लागेल म्हणजे काय आणि यकृत कसं तपासतात, हे मामांना कुणी समजावायची गरज नव्हती. त्यांनी काडीकडे पाहिलं. ती मागच्या पायांवर उभी राहून त्यांच्या खिशाकडे बघत होती.

मामांचा हात खिशातल्या पुड्याकडे गेला.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "उपाशीपोटी म्हणजे अगदी काहीच नाही, असं ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे, चिमूटभर?"

डॉक्टरबाईंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "मामा. तुम्ही काय केलंत?"

"बाकीच्यांना नाही हो! तुमची शपथ. पण ही काटकुळी, सकाळपासून उपाशी, आणि मी समोर उभा राहून बिस्कीट खातोय. घशाखाली उतरेना. मग अर्धं मी, नखाएवढं हिला. मी म्हटलं, एवढ्याशाने काय होतंय?"

"केव्हा देत होतात?"

"तुमच्या तपासणीच्या थोडं आधी. चहाच्या वेळेला."

डॉक्टरबाई कपाळाला हात लावून स्टुलावर बसल्या. "मामा, तिच्या मानाने ते नखाएवढं म्हणजे तुम्ही अख्खा पुडा खाऊन रक्त तपासायला जाण्यासारखं आहे."

मामांनी मान खाली घातली. तेही त्यांनी एकदा केलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"मला काढून टाका," ते म्हणाले, "पण हिला नको."

"तुम्हाला काढलं तर पिंजरे कोण धुणार?" डॉक्टरबाई चिडल्या होत्या, पण हसू काही आवरत नव्हतं. "साहेबांना मी खरं ते सांगते. तिन्ही आकडे बाद धरावे लागतील. उद्या पुन्हा तपासायचं. आणि उद्या दिवसभर तुम्ही इथेच बसायचं, रिकाम्या खिशाने."

दुसऱ्या दिवशी मामांनी पुडा बाहेरच्या माळ्याला देऊन टाकला आणि काडीपुढे बसले. काडी आधी जाळीशी आली. मग उभी राहिली. मग तिने पुढचे दोन्ही पाय जाळीला लावून मिशा हलवल्या.

"अशी बघू नकोस," मामा म्हणाले. "माझ्याही पोटात काही नाही."

हे खरं होतं. समोर उपाशी जीव असताना एकट्याने खायचं कसं, म्हणून त्यांनीही चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, आणि चहाही बिनसाखरेचा. काडीने पाठ फिरवली. मामांनी तिची नाना प्रकारे समजूत काढली, कोठीचं महत्त्व सांगितलं, बोळातल्या पोत्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेजारी भोपळा ऐकता ऐकता झोपून गेला. दुपार काही केल्या सरेना.

अखेर डॉक्टरबाई आल्या. थेंब घेतला, पट्टी लावली. मामांनी डोळे मिटून घेतले.

"मामा, उघडा."

आकडा निम्म्याहून खाली आला होता.

"रुजली!" मामा ओरडले. "कोठी रुजली! पहिल्यापासून रुजलेली होती, मीच मेला बोळात पोती टाकत होतो!"

डॉक्टरबाईंनी यंत्रावरचा आकडा दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा मोठ्याने वाचला. काडी प्रयोगात राहिली.

मामांनी हातमोजा चढवून तिला पिंजऱ्यात ठेवायला उचललं. तिने त्यांची बोटं एकेक करून हुंगली, सगळी रिकामी निघाली, तशी तिने अंगठ्याला कचकन चावा घेतला. मोजा जाड होता, तरी झोंबलं.

"चाव, बाई, चाव," मामा म्हणाले. त्यांनी तिचं दाण्यांचं भांडं भरून आत ठेवलं आणि ती खाऊ लागेपर्यंत तिथेच उभे राहिले.