उत्तमरावाचं घंगाळ

माणसाची ऐपत पाहून बसवतात त्या हैसियत कराचे कारकून मोरोपंत उद्या उस्मानच्या घरी येणार, म्हणून त्यांना कशावर बसवायचं यावरून बोरखेडीत सकाळपासून भांडण जुंपलं होतं. कोणी म्हणे पलंग, कोणी म्हणे सतरंजी. शेवटी उस्मानचा चुलतभाऊ कुर्बान आपली खुर्ची डोक्यावर घेऊन आला. सबंध गावात खुर्ची तेवढी एकच होती, त्यामुळे वाद आपोआप मिटला.

उस्मानची सारी हयात चिखलदऱ्याच्या घाटात सडकेची गिट्टी फोडण्यात गेली होती. गोरे साहेब उन्हाळ्यात थंडाव्याला वर जात, त्यांच्या मोटारींना धक्का बसू नये म्हणून हा खाली उन्हात दगड फोडी. पण औंदा अमरावतीच्या बापूसाहेब ठेकेदारांनी त्याला बोलावून सांगितलं, "उस्मान, आता तू मजूर नाहीस. माणसं तू आण, त्यांची मजुरी तू वाट, गाडी-बैल तुझेच. तू माझा पोटठेकेदार." आणि कागदावर अंगठा घेतला. मजुरांची कटकट आणि सरकारचा कर दोन्ही दुसऱ्याच्या गळ्यात घालायची ही शक्कल होती, पण ते उस्मानला कोण सांगणार? पैसा त्याच्या हातावरून वाहून जाई आणि मागे उरे ती पहिल्याइतकीच मजुरी. पण लोक ठेकेदार म्हणू लागले तसा हा बाबा फेटा बांधून फिरू लागला.

"थो कारकून कायले येऊन राहिला?" त्याची बायको हलीमाबी विचारत होती.

"नाव लिवाले. ठेकेदाराचं नाव सरकारात लिवाच लागते. अन् आपली हैसियत पायते थो."

"मंग घर हाय तसंच दाखवा न! दुसऱ्याचं आनून कायले मांडता?"

तेवढ्यात शेजारचा उत्तमराव दारातूनच ओरडला, "असं कसं भाभी? आपल्या गावात सरकारचा मानूस येऊन राहिला, अन् त्याले फुटक्या टमरेलात पानी द्याचं? गावाची लाज हाय! माह्यं घंगाळ घेऊन जा."

उत्तमरावाचं घंगाळ म्हणजे त्याच्या आईनं माहेराहून आणलेलं, दोन माणसांनी उचलावं असं तांब्याचं. गावातली कुठलीही नवरी त्यातल्याच पाण्यानं न्हायची. कोणाच्याही घरचं लेकरू असो, त्याचं पहिलं न्हाणं त्यातच व्हायचं. उस्मानची लेक खातूनबी त्यातच न्हाली होती, आणि आता तीच पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती.

"घेऊन जाय भाभी," उत्तमरावाची बायको पार्बताबाई हसून म्हणाली, "पन वापस देशीन तं चिंचेनं घासून देजो. अन् ठेवूनच घेतलं तरी चालते. खातूनबीच्या लेकराले लागनच हाय."

दुसऱ्या दिवशी मोरोपंत आले. त्यांनी उस्मानच्या घरचं पाणीसुद्धा प्यायलं नाही, पण घंगाळातल्या पाण्यानं पाय धुतले, खुर्चीवर टेकले आणि घरभर नजर फिरवली. "बरं चाललंय म्हणायचं, ठेकेदार!"

"अल्लाची मेहेरबानी हाय, सायेब." आलेल्या पाहुण्यापुढे आपलं रडगाणं गाण्याची रीत उस्मानच्या सात पिढ्यांत नव्हती. मोरोपंतांनी घंगाळापासून खुर्चीपर्यंत सगळं टिपून घेतलं आणि ते निघून गेले. त्याच संध्याकाळी घंगाळ चिंचेनं घासून उत्तमरावाकडे आणि खुर्ची कुर्बानकडे परत गेली. महिनाभरात कराचा आकडा आला. तो ऐकून उस्मान ओट्यावरच बसला. वर्षभर दगड फोडूनही तेवढे पैसे त्याच्या गाठीला उरले नसते.

तक्रार करायला तो कचेरीत गेला तेव्हा साक्षीला उत्तमराव आणि कुर्बान त्याच्याच गाडीत बसून आले. वाटेनं दोघेही कारकुनाच्या नावानं बोटं मोडत होते. मोरोपंतांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वस्तू दुसऱ्यांच्या असतील तर ज्याच्या त्यानं सांगावं. मात्र मग त्यांच्याही घरी यावं लागेल. हैसियत त्यांचीही पाहावी लागेल."

कुर्बान म्हणाला, "खुर्ची माही नाई, सायेब." सख्ख्या चुलत्याचा पोरगा! उस्माननं उत्तमरावाकडे पाहिलं. उत्तमराव आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

"मले काई मालूम नाई. घंगाळ म्या उस्मानच्याच घरी पायलं."

परतताना तिघंही त्याच गाडीत होते.

वैशाखात मोरोपंत चपराश्याला घेऊन जप्तीला आले. काळ्या मातीला पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि झाडाचं पान हलत नव्हतं. घरात हात घालावं असं काहीच नव्हतं, म्हणून चपराशी गोठ्याकडे वळला आणि त्यानं पोवळ्या बैलाचं दावं सोडलं.

"सायेब, बैल नका नेऊ," उस्मान आडवा आला. "एका बैलावर गाडी कशी चालन? काम सुटलं तं खाऊ काय?"

"शेतकऱ्याचा असता तं हात लावला नसता," चपराशी म्हणाला. "ठेकेदाराच्या बैलाले सूट नाई."

पोवळ्यानं उस्मानच्या खांद्याला तोंड घासलं. तेव्हा मात्र त्याच्या मनातलं इतक्या दिवसांचं कडू पाणी वर आलं.

"माह्यं सामान लिवलं हाय न तुमी? मंग थेच न्या! घंगाळ उत्तमरावाच्या न्हानीत हाय अन् खुर्ची कुर्बानच्या ओट्यावर. चला, दाखवतो."

न्हाणीत घंगाळ अर्धं भरलेलं होतं. चपराश्यानं कडीला हात घातला तसा उत्तमराव धावला. "अबे सोड! माह्यं हाय थे! माह्या मायचं हाय!"

मोरोपंतांनी कानावरची पेन्सिल काढली. "तुमचं? पूर्ण नाव सांगा."

उत्तमरावानं मागं वळून पाहिलं. शेतं, गोठा, माडीचं घर, सगळं त्याच्या पाठीमागंच उभं होतं. त्यानं मान खाली घातली.

"नाई. उस्मानचंच हाय."

चपराश्यानं घंगाळ कलंडवलं. पाणी अंगणातल्या भेगांत जिरून गेलं. कुर्बाननं खुर्ची आपणच बाहेर आणून ठेवली. सामान कचेरीत न्यायला गाडी हवी होती, तेव्हा मोरोपंतांनी उस्मानलाच जुंपायला सांगितलं.

"औंदाचं भागलं," चपराशी गाडीवर चढत म्हणाला. "पुढच्या साली अजून येतोच."

बैल वाचला होता, पण उस्मानला मान वर करवेना. हलीमाबी दाराआड उभी होती आणि तिच्यामागे खातूनबी, पोटावर हात धरून. पार्बताबाई गाडीजवळ आली. ती ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"उस्मानभाऊ," ती म्हणाली, "आता नातवाले कायच्यात न्हाऊ घालसान?"

उस्माननं कासरा ओढला. गाडी हलली तसं रिकामं घंगाळ खडखडायला लागलं, आणि गल्लीतली दारं एकेक करून उघडू लागली. त्यानं डोक्याचा फेटा सोडला, त्याचा बोळा केला आणि घंगाळाखाली खुपसला. तरी ते गावाच्या शिवेपर्यंत वाजतच राहिलं.