पिशवी कोरडी झाली तेव्हा

मी एक जुनी नळी आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे तीन महिन्यांची. आमच्यात तेवढं म्हातारपण पुरे. अंगाने बारीक आणि स्वभावाने काळजीखोर. कारखान्यात माझं टोक वाटोळं वळवलं, ते आत अडकून राहावं म्हणून.

हिंगणीच्या पुनाजींच्या पित्ताशयात पू झाला होता. हृदय अशक्त, मोठं ऑपरेशन झेपणारं नव्हतं. म्हणून डॉक्टरांनी बरगडीपाशी टोचून मला आत बसवलं आणि बाहेरच्या टोकाला पिशवी लावली. हिरवट पित्त पिशवीत येऊ लागलं, पुनाजींचा ताप उतरला. त्यांची बायको जिजा रोज सकाळी पिशवी रिकामी करायची. "लय कामाची हाये हे नळी," असं म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग तेंदूपत्त्याचा हंगाम आला. पुनाजी घरी कसले बसतात! पिशवी लोंबू नये म्हणून त्यांनी मला कमरेच्या करदोड्याला गच्च बांधलं आणि पानं तोडायला निघाले. ते वाकले की मला हिसका बसायचा. चार दिवस मी कशीबशी तग धरली. पाचव्या दिवशी माझं टोक पित्ताशयातून सुटलं.

दुसऱ्या सकाळी पिशवी कोरडी होती. जिजाचा चेहरा खुलला. "आतलं सारं निंघून गेलं. तुमी बरे झाले."

"मंग गिरडले दर्ग्यावर नवस फेडून येऊ," पुनाजी म्हणाले.

अहो, बरे कसले? पित्त आतच झिरपत होतं. मला ओरडता येत नव्हतं. ते दोघं आनंदात होते आणि मी भीतीने अर्धमेली झाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुनाजींना हुडहुडी भरली. जिजाने गावातल्या आशा सेविकेला, मोहिनीला, बोलावलं.

"पिशवी कवापासून कोरडी हाये, काकू?"

"तीन दिवस झाले. चांगलंच झालं ना?"

मोहिनीने मला चाचपून पाहिलं. मग म्हणाली, "नळी सरकली, काकू. आत्ताच निंघा."

मोठ्या दवाखान्यात मला काढलं आणि नवी नळी बसवली. जिजा डॉक्टरांना सांगत होती, "मले वाटलं, थेंब थांबले म्हंजे दुखणं थांबलं." तिला कोणी रागावलं नाही.

आता मी दवाखान्यातल्या कचऱ्याच्या लाल डब्यात पडून आहे. पुनाजींचं काय झालं, मला माहीत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला माझ्यासारखी नळी असेल, तर तिला ताणून बांधू नका. आणि ती अचानक थांबली, तर खूश होण्याआधी दवाखान्यात विचारा.

मला टाकायला नेलं, तेव्हा जिजा खाटेपाशी खाली बसली होती. नव्या पिशवीत एक तरी थेंब पडावा, म्हणून तिने तिकडे डोळे लावले होते.