डंगरीचा फर्मा

मित्रांनो, डंगरी तुमच्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घातली असेल. खांद्यावर दोन पट्टे, छातीवर एक खिसा आणि खाली पँट. पण ती डंगरी ज्याच्यावरून कापली गेली, त्याला तुम्ही कधी पाहिले नसेल. मी तोच, पुठ्ठ्याचा एक जुना फर्मा. माझी हकिगत मी जरा घाईने सांगणार आहे, कारण माझ्याकडे वेळ थोडा आहे.

माझा जन्म बारा वर्षांपूर्वी उल्हासनगरात, कॅम्प पाचमधल्या हशू सेठच्या कारखान्यात झाला. आनंदा मास्तरांनी जाड खाकी पुठ्ठा टेबलावर पसरला, तीन वर्षांच्या मुलाची मापे घेतली आणि मला कापले. माझ्यासारखे आणखी चार-पाच तुकडे मिळून एक डंगरी होते, पण नाव आणि मापे लिहिली जातात ती माझ्यावर. मास्तरांनी निळ्या पेनाने लिहिले, ‘आसन साडेआठ’. आसन म्हणजे दोन पाय जिथे मिळतात तिथपासून कमरेपर्यंतची उंची. त्याखाली त्यांनी स्वतःचे नाव घातले, ‘आनंदा मास्तर’. या धंद्यात फर्म्यावर करणाऱ्याचे नाव असते. माप चुकले तर कोणाला विचारायचे, हे सगळ्यांना ठाऊक असावे म्हणून.

माझे नाव लिहिताना मात्र गोंधळ झाला. मास्तरांनी इंग्रजीत लिहिले DANGRI. पुढे एका कारागिराने ते खोडून DUNGRI केले. तिसऱ्याने कोपऱ्यात DENGARY लिहून ठेवले. तीन तीन नावे अंगावर मिरवणारा मी, स्वतःला मोठा विलायती समजत असे. खिळ्याला टांगलेल्या साध्या पँटच्या फर्म्यांकडे मी बघतसुद्धा नसे.

कामाचे म्हणाल तर मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. निळ्या कापडाचे साठ साठ थर टेबलावर पसरायचे, सर्वांत वर मला ठेवायचे, माझ्या कडेने खडू फिरवायचा आणि त्या रेघेवरून कटिंग मशीन चालवायचे. एका दमात साठ डंगऱ्या! मास्तर कौतुकाने माझ्यावर थाप मारत. दर दिवाळीला ते मला पुसत आणि खडूने फुगलेल्या, कुरतडल्यासारख्या झालेल्या माझ्या कडा कात्रीने अगदी सफाईने साफ करत. इतकी माया माझ्यावर कोणी केली नाही.

चार वर्षांपूर्वी सेठनी कारखाना चिखलोलीच्या गाळ्यात हलवला. तिथे सरू आली. बारवी धरणाकडच्या एका वाडीतली ही बाई, आता खरवईला भाड्याने राहते आणि शेअर रिक्षाने कामाला येते. तिचे काम धागा कटिंगचे. दिवसभर जमिनीवर बसून शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे. पण तिचे डोळे सारखे कटिंगच्या टेबलाकडे. जेवणाच्या सुट्टीत ती मास्तरांना म्हणाली, ‘‘मास्तर, मला शिकवाल काय?’’ कटिंगच्या टेबलाशी आजवर बाई उभी राहिली नव्हती. मास्तर आधी हसले, मग हो म्हणाले. दोन वर्षे ती त्यांच्या बाजूला उभी राहून शिकली.

पण व्यापाऱ्याची ऑर्डर इंग्रजीत येते. ती वाचता आली पाहिजे, म्हणून सरू लेबलांच्या रिळावरून अक्षरे गिरवू लागली. तिथे माझे नाव छापलेले होते, DUNGAREE. आठ अक्षरे! माझ्या अंगावरची तिन्ही नावे चुकीची निघाली, हे मला तेव्हा कळले आणि फार लाज वाटली.

‘‘सेठ, हे इंग्रजी नाव कुठनं आलं वो?’’ सरूने एकदा विचारले.

हशू सेठचे वय सत्तरच्या पुढे. त्यांच्या वडिलांनी गठ्ठे खांद्यावर टाकून कापड विकलेले. ते हसून म्हणाले, ‘‘अरे बेटा, इंग्रजी कहां से? ये तो अपना मुंबईचं नाव आहे. डोंगरी नाही का, वहां मोटा कपडा मिळायचा, जाडाभरडा, मजबूत. गोरे लोग जहाज में भरभर के घेऊन गेले. कपड्याला डोंगरीच म्हणायचे. मग त्याची पँट शिवली, तिला पण तेच नाव. आता बच्चे लोग घालतात.’’

‘‘म्हंजे आपलाच हाय की!’’ सरू म्हणाली, आणि तिने पुन्हा आठ अक्षरे गिरवली.

मित्रांनो, मी हादरलो. ज्या विलायतेचा मला तोरा होता ती इथून तासा-दीड तासाच्या वाटेवर होती. पण रुखरुख वेगळ्याच गोष्टीची लागली. तो शब्द परक्यांच्या तोंडी फिरून, DUNGRI चा DUNGAREE होऊन, दोन अक्षरांनी वाढून परत आला होता. मी तर इथेच, एका माणसाच्या हाताखाली राहिलो होतो. मग मी तरी होतो तेवढाच उरलो आहे ना? त्या दिवसापासून मला चैन पडेना. दिवाळीला कात्री कडेवरून फिरली की पुठ्ठ्याची बारीक कातरण खाली पडे. दर वेळी जेमतेम अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग. बारा दिवाळ्या झाल्या होत्या. मला हिशेब समजत होता आणि तोंड नव्हते.

त्यातच व्यापाऱ्याच्या तक्रारी येऊ लागल्या. डंगरी मुलांना ओढते म्हणे. मास्तर म्हणत, ‘‘धुलाईत आटतं कापड, त्याला मी काय करू?’’ माझ्यावर त्यांनी कधी शंका घेतली नाही. फर्मा म्हणजेच माप. मापाला कोण मोजतो?

आज सकाळी नव्या ऑर्डरचे साठ थर पसरले. मास्तरांनी मला वर ठेवले आणि खडू सरूपुढे धरला. ‘‘आज तू मार रेघ. उद्यापासून टेबल तुझं पण.’’

दोन वर्षे ती या शब्दांची वाट बघत होती. तिने खडू घेतला, माझ्यावर वाकली आणि तशीच थांबली.

‘‘मास्तर, एक बोलू? मागच्या मालातली एक डंगरी सेठनी मला दिली होती. माझी भाची हर्षदा, तीन वर्सांचीच हाय, तिला घातली. उभी राहिली तं लय चांगली दिसते. जेवायला मांडी घालून बसली का रडायला लागते. मधी ओढतंय.’’

‘‘धुतली असशील. आटली.’’

‘‘नाय मास्तर. कोरीच होती. पाणी लागलंच नव्हतं.’’

मास्तरांचा चेहरा बदलला. ‘‘मग काय माझा फर्मा चुकला? बारा वर्सं ह्याच्यावर माल काढलाय मी! चार अक्षरं शिकलीस आन् मलाच शिकवतेस? ठेव तो खडू. जा, धागे काप.’’

सरूने खडू ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. मला ओरडावेसे वाटत होते, मास्तर, ती खरे बोलते आहे, मीच आखडलो आहे! पण ते ओरडता आले तर मी फर्मा कसला? आणि खरे सांगायचे तर मला भीतीही वाटत होती. बाद झालेला फर्मा या धंद्यात ठेवत नाहीत. घाईगर्दीत कोणी चुकून वापरू नये म्हणून त्याचे तिथल्या तिथे दोन तुकडे करतात.

सरू जमिनीवर बसायला गेली आणि अर्ध्या वाटेतून परत फिरली. ‘‘मास्तर, एकदाच टेप लावा. माझी चुकी निघाली तं पुन्हा ह्या टेबलाला हात नाय लावायची.’’

मास्तर रागारागाने टेप ओढत आले. माझ्या आसनावर त्यांनी तो धरला. एकदा पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. लिहिले होते साडेआठ. भरले पावणेआठ.

मास्तरांचे बोट माझ्या कडेवरून हळूहळू फिरत राहिले आणि एका जागी थांबले. ‘‘मीच खाल्ला ह्याला,’’ ते म्हणाले. ‘‘दर दिवाळीला साफ केला. किती पोरं रडली असतील, सरू?’’

मग त्यांनी नवा पुठ्ठा पसरला. माप त्यांनी सांगितले, कापले सरूने. तिने त्याच्यावर नाव लिहिले, एकेक अक्षर कोरून, DUNGAREE. खालची जागा तिने मास्तरांसाठी सोडली. मास्तरांनी पेन घेतले आणि तिथे लिहिले, ‘सरू मास्तर’. सरूने ते दोनदा वाचले आणि पदर तोंडाला लावला.

‘‘आता ह्या जुन्याचे दोन कर,’’ मास्तर म्हणाले.

‘‘मास्तर, ह्याच्यावर तुमचं नाव हाय.’’

‘‘म्हणूनच कर.’’

मित्रांनो, हे आत्ताच घडले. मी टेबलावर पडलो आहे आणि कात्री सरूच्या हातात आहे. माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी ‘आम्हाला जपा’ म्हणून विनवतात. मी तसे म्हणणार नाही. मला फार जपले, त्यातच मी बिघडलो. तुम्ही मात्र तुमच्या घरातल्या, शाळेतल्या मापांना वर्षातून एकदा तरी टेप लावून बघा. आणि जमिनीवर बसलेले कोणी उठून ‘हे ओढतंय’ म्हणाले, तर त्याला परत खाली बसवू नका.

सरू अजून थांबली आहे. वेडी आहे. अगं, साठ पोरांना जेवायला बसायचे आहे. चालव कात्री.