पेरल्या जागेवर पाय

खंडेराव बोरस्त्यांनी उभ्या जन्मात हरळी उपटली होती, पेरली कधी नव्हती. त्यामुळे मुलाने, हर्षलने, लॉनच्या बियाण्याची पिशवी हातात ठेवून हे हरळीच्याच जातीचं गवत आहे असं सांगितलं, तेव्हा म्हातारा नुसता पिशवीकडे बघत राहिला. "पैसे देऊन हरळी आणली तू?" एवढंच म्हणाला. गावी, सायखेड्यात, कुणाच्या कानावर गेलं असतं तर बापलेकाला गावभर वेड्यात काढलं असतं.

पण गवत त्यांच्या बायकोला, चंद्रभागेला हवं होतं, आणि तिला हवं म्हटल्यावर पुढे बोलायचं काही उरत नव्हतं. पाथर्डी फाट्याजवळच्या हर्षलच्या रो-हाउसमध्ये नवराबायको आली होती ती तिच्या उपचारासाठी. केमोचे चार डोस झाले आणि तिच्या तळपायांची आग सुरू झाली. फरशीवर पाय टेकला की निखाऱ्यावर टेकल्यासारखं व्हायचं. चप्पल तर सहनच होत नव्हती. औषधाचा परिणाम आहे, हळूहळू जाईल, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर ती सुनेला, सायलीला म्हणाली, "बांधावरच्या गवतातून चालले ना, तर पाय गार पडतील बघ." झालं. दारापुढच्या वीस बाय पंधराच्या तुकड्यामागे खंडेराव हात धुऊन लागले.

आयुष्यभर कांद्याचं रोप टाकलेला माणूस दुसरं काय करणार? त्यांनी लॉनही तसंच टाकलं. बिल्डरने भरलेला मुरूम उपसला, सायखेड्याहून काळी माती आणि घरचं शेणखत मागवलं. नर्सरीतून खताचं पोतं आणतो असं हर्षल म्हणाला होता, पण घरचं सोडून पोत्यातलं वापरायला खंडेरावांचा जीव तयार झाला नाही. ढेकळं फोडली, फळीने जमीन सपाट केली, बियाणं वाळूत कालवून एकदा उभं आणि एकदा आडवं फेकलं. वर मातीचा पातळ हात फिरवून फळीने हलकंच दाबलं. दिवसातून तीनदा झारीने पाणी, तेही असं की बी जागचं हलू नये. मग चारी बाजूंनी सुतळी बांधली आणि पहारा सुरू झाला.

काय तो पहारा! शेजारच्या ज्योत्स्नाबाई चंद्रभागेसाठी खिरीची वाटी घेऊन आल्या आणि जवळचा रस्ता म्हणून सुतळी ओलांडू लागल्या, तर त्यांना कोपऱ्यावरून माघारी फिरायला लावलं. कुरिअरवाला, मीटर बघणारा, गल्लीतली पोरं, कुणाची गय केली नाही. "पेरल्या जागेवर पाय नाय ठेवायचा," हे वाक्य आठ दिवसांत सगळ्या गल्लीला पाठ झालं. लोक कडेच्या वीतभर फरशीवरून भिंतीला चिकटून ये-जा करायला शिकले.

नवव्या दिवशी हिरवी लव दिसली. पंधराव्या दिवशी दिसलं की गवत एकटं आलेलं नाही. घरच्या शेणखताने तणाचं सगळं गणगोत सोबत आणलं होतं. खंडेराव सकाळी उकिडवे बसले, कडेकडेने हात पोचेल तेवढं दोन तास निवडत राहिले आणि घामाघूम होऊन ओट्याकडे आले. ओट्यावर बसलेली चंद्रभागा तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो, उपटलं ते गवत हाय. ठेवला तो लव्हाळा."

यात नवल काही नव्हतं. बोरस्त्यांच्या घरात नांगर, पेरणी आणि बाजार पुरुषांचा, निंदणी बायकांची. पस्तीस वर्षं बायकांच्या ओळीत पहिलं खुरपं चंद्रभागेचं असायचं, आणि हा बहाद्दर बांधावर उभा राहून "आवरलं का" विचारायचा. तणाचं कोवळं पान त्याने कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

मग तिने ओट्यावरून शिकवलं. "काडी बोटात फिरवून बघा. तिधारी लागली तर लव्हाळा. नुसता वरनं तोडू नका, खालची गाठ राहिली तर एकाचे दोन होतील. आधी पाणी मारा. डाव्या हाताची दोन बोटं गवताच्या बुडाशी दाबून धरा, मग उजव्या हातानं हळू ओढा. न्हाईतर त्याच्यासंगट गवतबी येईल. आन् घोळ तेवढी टाकू नका, भाजी होईल." हर्षलने एका रविवारी तणनाशकाची बाटली आणली तर तिने ती तशीच परत पाठवली. "तान्ह्या पोराला जुलाबाचं औषध देत्यात का? दोनदा कापणी होऊ दे, मग काय ते बघ."

ते दहा-बारा दिवस चांगले गेले. ती सांगायची, ते निंदायचे. उलट्या झाल्या, जेवण गेलं नाही, तरी सकाळी ओट्यावर येऊन बसायची. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती, पण दोघांनी एका वाफ्यात काम केलं ते आत्ताच.

अठ्ठाविसाव्या दिवशी गवताने जमीन झाकली. नुकतंच पाणी मारलेलं होतं. चंद्रभागेने ओट्यावरून उजवा पाय खाली सोडला आणि पाऊल गवतावर टेकवणार, तेवढ्यात खंडेरावांनी तिचा घोटा धरला.

"अगं, मुळं धरायची हायेत अजून."

"माझं वजन ते काय राहिलंय? एकदाच टेकवते."

"पेरल्या जागेवर पाय नाय ठेवायचा. तुला का सांगायचं? पंधरा दिवस थांब. मग दिवसभर चाल."

आणि त्यांनी तिचा पाय उचलून पुन्हा फरशीवर ठेवला. ती वाद घालू शकली असती, सायली तिच्याच बाजूने बोलली असती. पण तीही शेतकऱ्याचीच लेक. रोप उभं राहायच्या आधी वाफ्यात शिरलेल्या पोरांना तिनेच किती वेळा फटकावलं होतं. "बरं," ती म्हणाली, "थांबते." पाय तेवढे पोटाशी ओढून घेतले.

सहा दिवसांनी तिला ताप भरला. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी फार खाली गेल्यात. रात्री हर्षल तिच्याजवळ थांबायचा, दिवसा खंडेराव. सकाळी ते रिक्षाने घरी येऊन गवताला पाणी घालायचे आणि मगच दवाखान्यात जायचे, कारण ती शुद्धीत असली की पहिलं तेच विचारायची. पाचव्या सकाळी ते डाव्या हाताची दोन बोटं गवतात दाबून बसले होते, तेव्हा सायली फोन घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा पाहूनच त्यांना कळलं. तरी हातातला लव्हाळा त्यांनी गाठीसकट काढला, आणि मग काय करायचं ते न सुचून तो हातातच धरून बसले.

दुपारी तिला घेऊन गाडी दारात आली. गल्ली जमली होती, सायखेड्याची माणसं आली होती. न्यायच्या आधी माणसाला अंगणात घ्यायची रीत. हर्षलने गाडी लावायच्या फरशीवर चटई अंथरली होती.

"फरशीवर नको," खंडेराव म्हणाले. "आग होते तिच्या पायांची. गवतावर घ्या."

"आप्पा, गवत..." हर्षलच्या तोंडून निघून गेलं. सायलीने चटई उचलून गवतावर नेऊन टाकली. गाडीतून तिला उतरवणारे दोघे सुतळी ओलांडून आत गेले, निजवलं आणि चटकन कडेला सरकले. चटई आखूड होती. चंद्रभागेची पावलं खाली गवतावर आली.

आणि पुढे कुणी हलेना. एवढी माणसं, पण सगळी त्या वीतभर फरशीवर भिंतीला पाठ लावून उभी. तिला पाणी घालायला जवळ जायचं होतं, बायकांना हळदीकुंकू लावायचं होतं, हार घालायचे होते. ज्योत्स्नाबाईंनी चपला काढल्या, सुतळीपर्यंत आल्या, खंडेरावांकडे पाहिलं आणि तिथेच थांबल्या. ही माणसं कशाची वाट बघताहेत ते खंडेरावांच्या ध्यानात यायला वेळ लागला.

त्यांनी सुतळी तोडली. अनवाणी आत गेले आणि चंद्रभागेच्या पायांशी बसले. ओल्या मातीत त्यांची पावलं रुतली होती. गवत खरंच गार होतं.

"या," ते म्हणाले. "या आत." कुणी पाऊल टाकलं नाही, तसं त्यांनी हाताने खुणावलं. "जिला येऊ द्यायचं होतं तिला येऊ दिलं नाय मी. आता तुम्ही कशाला थांबता?"

मग माणसं आत आली, आणि गवत पायांखाली दिसेनासं झालं.