साडेबारा फुटांचं अंतर

मास्तरीणबाई लेकीकडे राहायला आल्या त्याला दोन महिने झाले होते, आणि दोन महिन्यांत त्यांना कुणी कशाला हात लावू दिला नव्हता. चाळीस वर्षं त्यांनी शर्ट शिवले होते; टेलर-मास्तर म्हणून गिऱ्हाइकांनीच त्यांना मास्तरीणबाई केलं होतं. मग डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद केलं. आता लेक म्हणायची, "आई, तू बस गं." जावई म्हणायचा, "आई, तुम्ही बसा हो." बसून बसून बाईंना जीव नकोसा झाला होता.

घर नुकतंच घेतलेलं. समोर हिरवळ, आणि पाणी सोडलं की जमिनीतून माना वर काढणारे फवारे. रस्त्याच्या कडेचे चार झकास उडायचे. कुंपणाकडचे मात्र गडप झाले होते. वर्षानुवर्षं माती चढत गेली, वरून गवत पसरलं आणि त्यांची तोंडं खाली गाडली गेली. किती होते, कुठे होते, सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिकडचं गवत वाळून झाडूच्या काड्यांसारखं झालं होतं.

जावयाने मित्राचं धातू शोधायचं यंत्र आणलं. दोन रविवार राबला. सापडलं काय, तर खिळे, एक बिजागरी आणि वाकडा चमचा. फवारे प्लास्टिकचे, ते कशाला दाद देतात! शेवटी प्लंबर म्हणाला, "शोधत बसू नका. शनिवारी चारला माणसं घेऊन येतो. सगळं खणून नवा पाइप टाकू." जावयाने मान डोलावली, पण चेहरा पार उतरला. या हिरवळीवर भाळूनच त्याने घर घेतलं होतं.

शनिवारी जेवणं उरकली आणि बाई ट्रंकेतली कापडी टेप गळ्यात अडकवून बाहेर पडल्या.

"आई, उन्हात कुठे निघालात?"

"तुमचे चार चालू फवारे मोजते. धरा हे टोक."

टेप पाच फुटांची. दोन फवाऱ्यांमध्ये ती बरोबर तीनदा बसली. पुढच्या दोघांत तीनदा, त्यापुढेही तीनदा.

"पंधरा, पंधरा, पंधरा," बाई म्हणाल्या. "ज्याने बसवले तो हाताचा पक्का होता. असा माणूस मागच्या बाजूला वाटेल तिथे ठोकून जाणार नाही. एक तर कोपऱ्यात असणारच. लांब स्क्रू-ड्रायव्हर आहे का घरात?"

कोपऱ्यात गुडघे टेकून त्या माती हळूहळू टोचू लागल्या. दोनदा दगड लागला, खरखरला. तिसऱ्यांदा टोक घसरलं. बाईंनी डोळे मिटले आणि पुन्हा टोचलं. "हे सपाट आहे. गुळगुळीत. खुरपं द्या."

चार बोटं खाली काळं झाकण निघालं. जावई बघतच राहिला.

पण तिथून पंधरा फुटांवर काहीच नव्हतं. बाईंनी वीतभर इकडे, वीतभर तिकडे टोचून पाहिलं. नुसती माती. सव्वादोन वाजले.

"राहू द्या आई. एक तरी काढलात तुम्ही."

ते 'एक तरी' बाईंना चांगलंच झोंबलं. त्या टाचांवर बसून कुंपणाकडे बघत राहिल्या.

"अहो, हे कुंपण तिरकं आहे का?"

"थोडं आहे. का?"

"मग ही बाजू पुढच्यापेक्षा लांब असणार. पुढे पंचेचाळीस होती. चला, मोजू."

टेप दहा वेळा बसली. पन्नास फूट.

"पंधरा-पंधराने गेलं तर शेवटचे पाच फूट उरतात," जावई म्हणाला.

"ते काय त्याने कोरडे ठेवले असतील? शर्टाची पट्टी लांब निघाली तर मी खालचं बटण अधांतरी सोडत नाही. एक बटण वाढवते आणि सगळी सारखी वाटून घेते."

जावयाचे डोळे चमकले. "म्हणजे चार भाग. साडेबारा फूट!"

"अडीच टेपा," असं म्हणत बाई केव्हाच चालू लागल्या होत्या.

दुसरा फवारा पहिल्याच टोचणीला लागला. जावई असा ओरडला की लेक ओल्या हातांनी बाहेर धावली आणि मग तीही खुरपं घेऊन बसली. तिसरा सापडला. चौथा मुंग्यांच्या वारुळाखाली निघाला. पलीकडच्या कोपऱ्यातल्या झुडपाच्या मुळांत पाचवा रुतला होता. जावयाने पोटावर झोपून तो मोकळा केला. एकेक तोंड फिरवून काढलं, जाळी धुतली, भोवतीची माती उकरून वाट केली.

"सोडा पाणी!" बाई म्हणाल्या.

जावई वॉल्व्हकडे पळाला. आधी नुसती गुरगुर झाली. मग चिखलाच्या पिचकाऱ्या उडाल्या, आणि एक, दोन, तीन, चार, पाच माना वर आल्या. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी उडालं. लेक नखशिखांत भिजली, तरी जागची हलेना.

"आई! जिंकलात! अहो आई, जिंकलात तुम्ही!" जावई इतक्या मोठ्याने ओरडत होता की शेजाऱ्यांच्या खिडक्या उघडल्या. बाई चिखलाने माखलेले हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या आणि हसू काही आवरत नव्हतं.

फाटकाशी प्लंबर दोन माणसं आणि फावडी घेऊन थबकला होता.

"कुणी शोधले हे?"

"आमच्या आईंनी," जावई छाती फुगवून म्हणाला.

प्लंबर अंतरं बघत कुंपणाच्या कडेने चालत गेला आणि परत आला. "बाई, कुठे काम करत होतात?"

"शर्ट शिवत होते."

त्याने डोकं खाजवलं. "माझ्याकडे अशीच आणखी एक हिरवळ आहे. तीन आठवडे घोळ चाललाय. सोमवारी याल का?"

लेक काही बोलायच्या आत बाईंनी विचारलं, "किती वाजता? आणि गाडी वेळेवर पाठवा. मला ताटकळायला आवडत नाही."